खांबकाकांचे चौदा किलो

माझा दादा न हलण्याची नोकरी करतो. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग म्हणतात, आमच्या ऑफिसातही असे चार जण आहेत. त्यांना मी सांगते, तुमच्या त्या चौघांना चाळीस मिनिटं एका जागी बसवा, नाकावर माशी बसू द्या, समोर बावीस पोरं-पोरी डोळे बारीक करून बघत असू द्यात, आणि ती माशी आपली नव्हेच असं समजायला सांगा. जमलं तर या.

दादा चित्रकलेच्या कॉलेजात मॉडेल आहे. मॉडेल म्हटल्यावर कुणाला भलतंच वाटायला नको म्हणून सांगते, अंगावर साधा बनियन आणि अर्धी चड्डी असते, आणि दादाचं नाक वाकडं आहे. त्याचा गुण एकच, तो हलत नाही. लहानपणीचा आमच्या घरातला एकच फोटो आहे. त्यात आई, बाबा आणि मी हलून फिस्कटलोय, दादा तेवढा लख्ख आलाय. कॉलेजातली मुलं त्याला ‘खांबकाका’ म्हणतात आणि त्याला ते आवडतं.

त्यांची पद्धत अशी. वर्गाच्या मध्यभागी लाकडी चौथरा, त्यावर खुर्ची. दादा बसला की शिल्पाचे सर खडूनं त्याच्या पावलांभोवती आणि खुर्चीच्या पायांभोवती रेघ ओढतात. छतावरून एक ओळंबा सोडलेला असतो, तो दादाच्या नाकाच्या शेंड्यापासून बोटभर अंतरावर लोंबतो. दर चाळीस मिनिटांनी घंटा होते, दादा उतरून पाणी पितो, पुन्हा चढतो, पुन्हा त्याच खडूच्या रेघेत पाय ठेवतो आणि नाक ओळंब्याशी जुळवतो. बारा वर्षं हे चाललं. ओळंबा एखादवेळी हलेल, दादा हलणार नाही, असं सर म्हणायचे.

घरात आम्ही दोघंच. माझं नवऱ्याशी दोन वर्षांत फाटलं, दादाचं लग्न जमलंच नाही. मी पाणीखात्याच्या तक्रार खिडकीवर बसते. दिवसभर लोकांचं ऐकून घेते, म्हणून घरी कुणाचं ऐकून घेत नाही. पुढे जे झालं त्यात माझ्या या स्वभावाचाही हात आहे, ते आधीच कबूल करते.

तीन वर्षांपूर्वी कॉलेजातून चित्रं चोरीला जायला लागली. तीही फक्त दादाची. मुलांना वाईट वाटायला हवं होतं, पण त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. आपलं काम कुणीतरी चोरण्याच्या लायकीचं समजतंय! एकाची नऊ चित्रं गेली तर तो कॉलर ताठ करून फिरायला लागला. ज्यांचं एकही गेलं नव्हतं ते रुसले, आणि रात्री मुद्दाम वही उघडी टाकून घरी जायला लागले.

चित्रं आमच्या घरी होती. दादाची गादी वीतभर उंच झाली म्हणून मी उचलून बघितली, तर खाली दोनशे बारा कागद. नीट लावलेले. कान वेगळे, कोपरं वेगळी, गुडघे वेगळे.

“अरे दादा, हे काय?”

“माझंच आहे,” तो म्हणाला. “रोज थोडं थोडं नेतात. डावा कान बघ, एकशेसात वेळा नेलाय. उरणार काय मग?”

मी हसले. खोटं कशाला बोलू, पोट धरून हसले. मला वाटलं थट्टा करतोय. मग त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि माझं हसू जागच्या जागी गोठलं. तो कान चाचपत होता, आहे का बघायला.

हळूहळू एकेक कळलं. त्याच्या डोक्यात एक माणूस बोलायचा. दादानं त्याला नाव ठेवलं होतं मुकादम. मुकादम दिवसभर सांगत असायचा, आता हा उठला, आता हा पाणी पिणार, बघा, प्यायला. मधूनच हुकूम सोडायचा. कागद परत आण, हा त्याचाच हुकूम होता.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया. म्हणाले, मुळासकट जाईल असं सांगत नाही, पण गोळ्यांनी आवरता येतो, बऱ्याच जणांना चांगला आवरतो. गोळ्या रोज घ्यायच्या आणि आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. हे शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून दोनदा सांगितलं. बहुतेक माझा चेहराच तसा असावा.

पहिली गोळी पांढरी. महिन्याभरात गुण आला. एका सकाळी दादा दात घासता घासता म्हणाला, “चिमणे, आज मुकादम आला नाही.” चार दिवसांनी म्हणाला, “बदली झाली असेल त्याची.” थोडं चुकल्यासारखं वाटत होतं त्याला, इतक्या दिवसांची सोबत. पण आठवड्यात त्यानं सगळे कागद स्वतः पिशवीत भरून कॉलेजात नेऊन दिले आणि सरांची माफी मागितली. मुलांना खरं काय ते सरांनी सांगितलं नाही. चोर सापडला, रसिक होता, एवढंच सांगितलं.

मुकादम गेला आणि पायाला भिंगरी लागली. बसवेना, उभं राहवेना. खुर्चीत बसला की पाय आपले चालतायत. घरी तो स्वयंपाकघर ते दार आणि दार ते स्वयंपाकघर अशा येरझाऱ्या घालायचा. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या, कसलं मशीन घेतलंत?

आणि कॉलेजात? सरांचा एक नियम आहे, दिसतं ते काढा, माहीत आहे ते काढू नका. मुलं नियमाला धरून वागली. बावीस चित्रांत दादाला कुठे चार पाय, कुठे सहा. एका प्रामाणिक मुलीनं अकरा काढले. ही मुलगी सगळ्यात हुशार, जीन्सला जागोजागी ठिगळं लावून यायची, म्हणून मी तिला ठिगळवाली म्हणते.

डॉक्टरांकडे गेलो की तिथे चार मिनिटं. “काही त्रास?” डॉक्टर विचारायचे. “नाही,” दादा म्हणायचा आणि टेबलाखाली एक घोटा दुसऱ्यानं दाबून धरायचा. लोकांसमोर न हलणं हीच त्याची नोकरी, चार मिनिटं म्हणजे त्याला किस झाडकी पत्ती. बाहेर आला की व्हरांड्यात पुन्हा परेड सुरू.

तिसऱ्या वेळी मी सरांकडून ती बावीस चित्रं मागून घेतली आणि डॉक्टरांच्या टेबलावर पसरली. टेबल पुरेना म्हणून तपासणीच्या कॉटवरही पसरली. डॉक्टर चष्मा सावरून पाय मोजत बसले. बाहेर रांग ओरडत होती.

“अकरा,” ते शेवटी म्हणाले. “ताई, हे मला तीन महिन्यांत दिसलं नाही. हा गोळीचाच त्रास आहे. आधी का नाही बोललात?”

दादा म्हणाला, “त्यापेक्षा मुकादम वाईट होता.”

डॉक्टरांनी पांढरी गोळी हळूहळू कमी केली आणि पिवळी सुरू केली. पाय थांबले, डावा तेवढा अधूनमधून बारीक ठेका धरायचा. मुकादम आला नाही. मी म्हटलं, सुटलो.

कसलं सुटलो! पिवळीनं भूक लागायला लागली. जेवून उठला की दादा पुन्हा जेवायला बसायचा. मी पावाचा डबा कपाटात कुलूप लावून ठेवला तर किल्ली माझ्या पर्समध्ये आहे हे त्याला माहीत होतं आणि ती काढताना त्याला लाजही वाटत होती. सकाळी दहापर्यंत झोप डोळ्यांवरून उतरायची नाही. तोंडाला लाळ सुटायची. त्याच वेळी कॉलेजात शेवटच्या वर्षाचं मोठं काम सुरू झालं होतं, बसलेल्या माणसाचा पूर्ण मापाचा मातीचा पुतळा. पाच महिने चालतो. बावीस जण, बावीस पुतळे, दादा एक.

दर सोमवारी मुलं कॅलिपर घेऊन त्याची मापं घेत आणि भिंतीवरच्या तक्त्यावर लिहीत. पहिल्या सोमवारचं पोट आणि सहाव्या सोमवारचं पोट यांचा एकमेकांशी काही संबंध राहिला नाही. मुलं रात्रंदिवस माती थापत होती, पण दादाचं पोट कायम दोन बोटं पुढे. एकानं चिडून विचारलं, “खांबकाका, तुम्ही कुठे थांबणार आहात ते एकदा सांगा, मी तिथेच भेटतो.”

सगळे हसले, दादाही हसला. घरी येऊन मात्र जेवला नाही. म्हणाला, “चिमणे, मला काढणार ते. न मावणारा मॉडेल कुणाला हवाय?” त्या चौथऱ्याशिवाय दादाला दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोही होतं. गोळी घेतली तर खुर्ची जाते, नाही घेतली तर डोकं जातं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

एक दिवस माझ्या तक्रार खिडकीच्या रांगेत सर उभे. बावीस वर्षं त्यांच्या घराला पाणी नीट येतं, तरी रांगेत. नंबर आल्यावर खाली वाकून म्हणाले, “ताई, परीक्षा सात आठवड्यांवर आलीय. बाहेरून परीक्षक येणार. त्या गोळ्या तेवढ्यापुरत्या थांबवता नाही का येणार?”

एरवी मी माणसाला खिडकीतून उभा सोलते. त्या दिवशी मी म्हणाले, “बघते.”

आणि बघितलं. डॉक्टरांना विचारलं नाही, ते नाही म्हणतील हे माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही. मनाशी म्हटलं, मुकादम जाऊन सहा महिने झाले, आता बराच झालाय की. गळती थांबली की बूच काढून बघायचं नसतं, हे मी रोज शंभर लोकांना ओरडून सांगते. घरात मात्र बूच मी स्वतःच्या हातानं काढलं. आठ दिवस अर्धी गोळी दिली, मग तीही बंद.

पहिले पंधरा दिवस काय सांगू! दादा सकाळी सहाला ताजातवाना. वजन उतरायला लागलं. गाणं गुणगुणायचा, मला चिडवायचा. मी स्वतःवर इतकी खूश होते की डॉक्टरांना चार गोष्टी शिकवाव्यात असं वाटत होतं. चौथ्या आठवड्यात तो बोलायचा कमी झाला. मी म्हटलं, कामात लक्ष आहे. आणि काम तर असं चाललं होतं की बोलायची सोय नाही. दादा चौथऱ्यावर बसला की बसला. पापणी हलेना. ओळंबा आणि नाक यांच्यातल्या अंतरात केसाचाही फरक पडेना. सर इतर वर्गांतल्या मुलांना दाखवायला आणायचे, बघा, याला म्हणतात बसणं. पंधरा दिवसांत बावीस पुतळे पुरे झाले. मी स्वतः एकदा दारात उभी राहून बघून आले आणि डोळे भरून आले माझे, अभिमानानं.

गुरुवारी सुट्टीची घंटा झाली तेव्हा दादा उतरला नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. दुसरी घंटा झाली, तरी नाही. पुन्हा टाळ्या, कुणी शिट्टीही मारली. तेवढ्यात ठिगळवाली किंचाळली. माशी दादाच्या उघड्या डोळ्यावरून चालत गेली होती आणि त्यानं डोळा मिटला नव्हता.

फोन आल्यावर मी धावत पोचले. मी दादाचा हात गुडघ्यावरून उचलला आणि घाबरून सोडून दिला. हात हवेत तसाच राहिला. मी तो परत खाली ठेवला, एखादी वस्तू जागेवर ठेवावी तसा.

खुर्चीसकट उचलण्याशिवाय इलाज नव्हता. कॉलेजचा टेम्पो पुतळे न्यायला असतो, त्यात दादाला चढवलं, दोऱ्या बांधल्या, खाली पोती घातली. गेटवर रखवालदारानं अडवलं. पुतळा बाहेर न्यायचा तर पास लागतो.

“अहो, माणूस आहे तो!” मी ओरडले.

रखवालदारानं आत डोकावून बघितलं, बराच वेळ बघितलं. “ताई, मला तसं वाटत नाही,” तो म्हणाला. तो बिचारा खरं बोलत होता. शेवटी सरांनी पास लिहिला, ‘पुतळा एक. परत आणण्याच्या बोलीवर.’

दवाखान्यात इंजेक्शन दिलं. तासाभरानं दादाच्या बोटांत हालचाल आली, मग त्यानं पाणी मागितलं. पेला दोन्ही हातांनी धरून प्याला आणि हळूच म्हणाला, “मुलं बरी आहेत ना? मुकादम म्हणाला, तू हललास तर बावीसच्या बावीस मरतील.”

पंधरा दिवस तो त्यांचे जीव वाचवत बसला होता आणि आम्ही त्याला शाबासकी देत होतो. मला रडू यायला हवं होतं, आलं नाही. मी बाहेर जाऊन चादर उशिरा आणली म्हणून वॉर्डातल्या माणसावर खेकसले. मग डॉक्टरांपुढे उभी राहिले आणि सांगितलं, गोळ्या मी बंद केल्या.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “ताई, पाय अकरा झाले तेव्हा आलात तसं पोट वाढलं तेव्हाही यायचं होतं. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, खाण्याचं आणि चालण्याचं बघता येतं. थोडंफार सहन करावं लागतं, ते किती, हे आपण मिळून ठरवू. पण तुम्ही एकट्यानं ठरवायचं नाही.”

पिवळी पुन्हा सुरू झाली, आधीपेक्षा थोडी कमी. मुकादम लांब गेला. अगदी गेला नाही, पण दादा म्हणायचा, आता तो रस्त्याच्या पलीकडून बोलतो, शब्द कळत नाहीत. मला वाटतं एवढ्यावर आमचं भागतंय.

आता दैवाची थट्टा ऐका. परीक्षेच्या आठवडाभर आधी परीक्षक जिन्यावरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. परीक्षा साडेतीन महिने पुढे गेली. ज्या तारखेसाठी मी भावाला दगड करून बसले होते, ती तारीख आलीच नाही. मुलं रोज पाळीपाळीनं पुतळ्यांवर ओली फडकी टाकत राहिली, माती सुकू नये म्हणून. आणि दादा भरत राहिला. परीक्षेच्या दिवशी वजनकाट्यावर बघितलं तर गोळ्या बंद होत्या त्या दिवसांपेक्षा चौदा किलो जास्त.

मी रजा टाकून गेले होते. परीक्षक काठी टेकत आले. फडकी काढली. बावीस खप्पड, ताठ, डोळे न मिटणारे पुतळे. मधे चौथऱ्यावर दादा, गोल, झोपाळू, डाव्या पायानं बारीक ठेका धरलेला. परीक्षकांनी पुतळ्याकडे बघितलं, दादाकडे बघितलं, कॅलिपर लावून पोट मोजलं, पुन्हा पुतळ्याचं मोजलं.

“मॉडेल बदललात?” त्यांनी विचारलं.

सरांनी नकारार्थी मान हलवली.

“मग यातलं एकही काम या माणसाचं नाही. बावीस जणांची एकच चूक कशी होते? मी कुणालाच पास करू शकत नाही.”

दादानं हात वर केला, शाळेतल्या पोरासारखा.  आजवर त्यानं ही गोष्ट डॉक्टर आणि सर सोडून घराबाहेर कुणाला सांगितली नव्हती. सांगितली तर चौथरा जाईल ही भीती त्याला रात्रंदिवस होती.

“साहेब, चूक मुलांची नाही,” तो म्हणाला. “ते मीच आहे. तेव्हा मला वेडाचा झटका आला होता. गोळ्या बंद होत्या म्हणून मी बारीक होतो. हलत नव्हतो ते आजारानं. मुलांनी दिसलं ते काढलं. आता मी गोळ्या घेतो. त्यानं पोट सुटतं, पाय हलतो, झोप येते. मला काढायचं तर काढा, पण त्यांना नापास करू नका.”

 परीक्षकांना काठी कुठे ठेवावी कळेना. मग ठिगळवालीनं बाह्या वर केल्या. “सर, आम्हाला दोन तास द्या. खांबकाका, किती म्हणालात?”

“मी कुठे काय म्हणालो?”

“चौदा!” मी दारातून ओरडले. “चौदा किलो!”

असली परीक्षा जगात कुठे झाली नसेल. कोठीतून माती काढून काट्यावर तोलली जात होती, चौदा बावीसे तीनशे आठ किलो, आणि मुलं ती पुतळ्यांच्या पोटावर, गालांवर, हनुवटीखाली थापत होती. “काका, मागे वळा!” “काका, हनुवट्या दोन की अडीच?” दादा सांगेल तसा वळत होता, मधेच जांभई देत होता, आणि पाय हलला तरी कुणी काही म्हणत नव्हतं. एकानं तर मातीचा डावा पाय जमिनीपासून बोटभर उचलून दाखवला. सर स्वतः पाणी आणत होते. दादा हसत होता. पोट हलेपर्यंत हसत होता आणि मुलं ओरडत होती, “काका, हसू नका, माप चुकतंय!”

दोन तासांनी परीक्षक पुन्हा फिरले. ठिगळवालीच्या पुतळ्यापाशी थांबले आणि दादाला म्हणाले, “या, तुम्हीच सांगा. ओळखता याला?”

दादा चौथऱ्यावरून उतरला. पुतळ्याभोवती सावकाश एक फेरी मारली, समोर आला आणि त्या ओल्या पोटावर तळहात ठेवला.

“हो,” तो म्हणाला. “याला औषध लागू पडलंय.”

आणि मी, पाणीखात्याची तक्रार खिडकी, तिथे बावीस पोटांच्या मधे उभी राहून मोठ्यानं रडले.